लिंबू धरणारा हात

या माळावर पहिल्यांदा आलेला माणूस हमखास चुकतो. तालमीतली पोरं-पोरी ओळीनं पुढं येतात. पाया पडत नाहीत, हात जोडत नाहीत. उजवा हात सरळ समोर धरतात, तळवा आभाळाकडं. पाहुण्याला वाटतं, काहीतरी मागतायत. मागल्या खंडेनवमीला एका भल्या बाईंनी पिशवीतून गोळ्या काढून एकेकाच्या हातावर ठेवल्या. पोरं हसू दाबून उभी राहिली. आमचे रंगराव वस्ताद म्हणाले, "खाऊन घ्या रे. आणि हात पुसून पुन्हा धरा."

तो नमस्कार आहे, बाबांनो. त्या हातात काही ठेवायचं नसतं.

समोर ती काळी धोंड दिसते ना, आणि तिला टेकून कागदी लिंबाचं बुटकं झाड? झाड काही मूळचं नव्हे. लिंबाच्या झाडाला कुठलं एवढं आयुष्य? म्हातारं झालं की त्याच्याच लिंबाचं बी त्याच जागी लावतात. हे कितवं, ते कुणी ध्यानात ठेवलेलं नाही. धोंड मात्र तीच आहे. तिच्या कडेला एक आडवी खाच आहे, बोट घालून बघा, पुरं नख आत जातं. ती खाच कशी पडली, आणि या तालमीत वस्तादाच्या डोक्यावर फेटा का बांधत नाहीत, ते मला माझ्या सासूनं सांगितलं आणि तिला तिच्या सासूनं. या गोष्टीला कागद नाही. एक कागद होता, पण तो दुसऱ्या बाजूचा होता. त्याचं काय झालं तेही ओघात येईल.

आटपाट नगर म्हणावं एवढं काही हे गाव मोठं नव्हतं, वीस-बावीस उंबऱ्यांची ही तांबुळखडी होती. तिथं सुभाना नावाचा एक वस्ताद होता, त्याची बायको म्हाळसा होती, आणि त्यांना पाच लेकी होत्या. चौघींची नावं देवांच्या, नद्यांच्या नावावरून ठेवली. पाचवी झाली तेव्हा सुईणीनं नाव विचारलं, तर म्हाळसेनं भिंतीकडं तोंड केलं. मग बायकांनीच ठेवलं, नकुसा. नको असलेली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. पुढं काही झालंच नाही. नकुसा मात्र राहिली.

सुभाना दांडपट्ट्याचा वस्ताद. पट्टा म्हणजे काय ते पोरं तुम्हाला दाखवतील. माणसाच्या हातभर लांबीहून लांब, वेतासारखं लवणारं पातं, आणि त्याच्या बुडाला लोखंडी खोबळा. हात कोपरापर्यंत त्या खोबळ्यात गेला की मनगट वळत नाही, सगळं काम खांद्याचं आणि पायाचं. सुभानाची तालीम या माळावरच होती. छप्पर नव्हतं, भिंत नव्हती. शिकायची अट एकच. सकाळी येऊन माती झाडायची आणि ओढ्याचं पाणी आणून शिंपायची. जो झाडेल तो शिकेल. गावकुसाच्या आतले यायचे, बाहेरचे यायचे, कुंभाराचे, रामोशाचे, पिंजाऱ्याचे. सगळ्यांना एकच नाव, गडी. नवा तो गडी आणि दहा वर्षांचा तोही गडीच. वस्ताद एकटा सुभाना.

आणि त्याला वस्ताद कुणी केलं? तर पट्ट्यानं नव्हे. इथल्या तालमीची रीत अशी की खंडेनवमीच्या सकाळी, हत्यारांची पूजा झाली की, एकानं या धोंडीवर हात पालथा नव्हे, उताणा ठेवायचा. त्या तळव्यावर लिंबू. आणि पट्ट्याच्या एका वारानं ते लिंबू मधोमध कापायचं, खालच्या कातडीला ओरखडा न येता. दरसाल. ज्या सालापर्यंत त्याच्या पट्ट्याखाली कुणीतरी हात ठेवतंय, त्या सालापर्यंत तो वस्ताद.

सुभानासाठी लिंबू धरायची नकुसा. आठ वर्षांची असल्यापासून. गड्यांना पोट भरायला रानात जावं लागायचं, चार लेकी सासरी गेलेल्या, हात कुणाचा असणार? ही तिथंच असायची, पात्यांना तेल लावत. दरसाल ते पातं तिच्या तळहातावर उतरायचं आणि कातडीवर येऊन थांबायचं. ती डोळे मिटत नसे. पातं कुठून निघतं, कुठं वळतं, कुठं त्याचा जोर सुटतो, हे गडी डोळ्यांनी शिकले, ती तळहातानं शिकली, असं सांगतात. तेराव्या वर्षी बापाला न विचारता तिनं खोबळ्यात हात घातला. सुभाना मागं येऊन उभा राहिला. तो काय म्हणाला, माहीत आहे? "खांदा ढिला सोड." एवढंच. त्या दिवसापासून ती सकाळी माती झाडायला लागली.

पुढं ती पंचविशीला आली, आणि सुभानाच्या डोळ्यांत सारा उतरला, दिसेनासं झालं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सवयीनं चालायचा, सवयीनं पट्टा फिरवायचा. त्या साली खंडेनवमीला नकुसानं हात ठेवला, लिंबू ठेवलं, आणि पातं निघालं तेव्हाच तिच्या हाताला कळलं, की यंदा ते बोटभर डावीकडं येतंय. हात काढून घेता आला असता. तिनं काढला नाही. लिंबू दोन भाग होऊन पडलं, लोकांनी हाळी दिली, आणि तिनं मूठ आवळली.

सुभानाला रक्ताचा वास आला म्हणे. माणसं पांगल्यावर तो म्हणाला, "मूठ उघड."

"कशाला?"

"उघड म्हणतो न्हवं."

तिनं उघडली. त्याला दिसलं तर नाहीच. त्यानं बोटानं चाचपून पाहिलं, अंगठ्याच्या बुडाशी चीर. मग त्यानं खोबळ्यातून हात काढला, पट्टा या धोंडीवर ठेवला आणि तो म्हणाला, "वस्तादकी माझी न्हवती, पोरी. ह्या हाताची हुती. हातानं दिली तवर हुती."

त्यानं पुन्हा पट्ट्याला हात लावला नाही.

आता गावाला वस्ताद नाही हे वाऱ्यावर गेलं, आणि ते गढीपर्यंत पोचलं. इथून दोन कोसांवर गढी होती, तिथं सर्जेराव नावाचे सरदार होते. मुलखावर त्यांचा हुकूम चाले. त्यांना एकच मुलगा, बाळोजी. अंगानं सागवानासारखा. परमुलखातून उस्ताद आणून सर्जेरावांनी त्याला पट्टा शिकवला होता. केळीचा खुंट तो एका वारात पाडायचा, उभा ऊस तर चार ठिकाणी. शिवाय कुठल्याशा दरबारात वजन टाकून सर्जेरावांनी मुलाला किताब आणला होता. किताबाचा कागद, कागदावर शिक्का, सोबत जरीचा पटका आणि मनगटात घालायचा चांदीचा तोडा.

एवढं सगळं होतं, फक्त वस्ताद म्हणवून घ्यायला तालीम नव्हती. ती त्यांनी आमची बघितली.

पुढच्या खंडेनवमीला सर्जेराव ताशे वाजवत माळावर आले. पुढं भालदार. त्यानं कागद उलगडून ललकारी दिली, "पट्टेबहाद्दर, शस्त्रशार्दूल, समरकेसरी, श्रीमंत बाळोजीराव..." आणि मध्येच त्याचा दम संपला, तो श्वास घ्यायला थांबला.

गर्दीत सोनाई कुंभारीण होती. तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "एवढ्या नावानं हाक मारंस्तवर बैल सगळं रान खाऊन जाईल की वो."

माणसं हसली. सर्जेराव हसले नाहीत. त्यांनी हुकूम ऐकवला. आजपासून बाळोजीराव या तालमीचे वस्ताद. तालीम माळावर राहायची नाही, उद्यापासून गढीच्या देवडीत भरेल. कुणी शिकायचं आणि कुणी नाही, ते गढी ठरवील. हत्यारं आजच गाडीत घालायची.

हे ऐकून गड्यांच्या माना खाली गेल्या. देवडीत कुणाला पाऊल टाकू देतात, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. झाडेल तो शिकेल, ही रीत त्या देवडीच्या दाराशी मरणार होती. नोकर धोंडीकडं निघाले. तिथं सुभानाचा पट्टा पूजेला मांडलेला होता, झेंडूची फुलं वाहिलेली.

नकुसा त्यांच्या आणि पट्ट्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बाजूला हो," सर्जेराव म्हणाले. "तू कोण?"

"ह्या तालमीतली."

"तालमीतली काय? झाडूवाली?"

"व्हय. हितं सगळीच झाडूवाली हाईत. त्याबिगर पट्टा हातात येत न्हाई. तुमच्या वस्तादांनी कवा झाडलीया का माती?"

बाळोजीची नजर खाली गेली. सर्जेराव घोड्यावरून उतरले. "मग काय, तुला वस्ताद म्हणायचं? बाईला वस्ताद म्हणतात का कुठं? बाई असते ती वस्तादीण. आणि तीही कुणा वस्तादाची बायको लागते."

"वस्तादीण व्हायला वस्तादाशी लगीन लागतं, सरकार. वस्ताद व्हायला लिंबू लागतं."

तेव्हा सुभाना काठी टेकत पुढं आला. त्यानं भांडण केलं नाही. तो म्हणाला, "बांधा की पटका. आमची ना न्हाई. फकस्त रीत तेवढी व्हऊ द्या. लिंबू धरायला एक हात लागंल."

"एवढंच?" सर्जेराव एका नोकराकडं वळले. "पुढं हो रे. हात ठेव."

नोकर निघाला. सुभानानं काठी आडवी धरली. "हुकमाचा हात चालत न्हाई. आपणहून आलेला लागतो."

कुणी पुढं आलं नाही. बाळोजी खोबळ्यात हात घालून उभा होता. त्यानं आपल्या माणसांकडं पाहिलं. ज्या उस्तादानं त्याला शिकवलं तो पागोटं सारखं करायला लागला. भालदार कागदाची घडी घालायला लागला. केळीचा खुंट पाडणारा हात सगळ्यांनी पाहिला होता, आणि तोच हात ज्यानं त्यानं आपल्या तळव्यावर येताना मनात पाहिला.

"सरकार," नकुसा म्हणाली, "तुमचाच द्या की. पोरगा तुमचा, पटका तुमचा, हुकूमबी तुमचाच."

आता नाही म्हणायला जागा नव्हती. सर्जेरावांनी मोठ्यानं हसून बाही सारली, बोटांत अंगठ्या होत्या त्या तशाच ठेवून हात या धोंडीवर ठेवला. लिंबू मांडलं. बाळोजीनं पवित्रा घेतला. पातं एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, त्याचा आवाज माळावरून गेला, आणि तिसऱ्या फेरीला तो वरून खाली आला.

हात तिथं नव्हता.

लिंबू टुणकन उडून मातीत गेलं. पातं धोंडीवर बसलं, ठिणगी उडाली. ही खाच ती. अंगठ्यांचा हात सर्जेरावांच्या छातीशी होता, आणि तो तिथं कधी गेला हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. असा हात मागं जाणं ही हसायची गोष्ट नव्हे, हे तिथल्या प्रत्येक गड्याला माहीत होतं. पण सर्जेरावांना ती शांतता हसण्याहून जास्त लागली. ते ओरडले, "आणि हिला? हिला कोण हात देतो ते बघतो मी! आजवर कुणी दिला नाही म्हणून तर बिनलग्नाची राहिली. बापाचा घ्यायचा नाही. आंधळ्याला पातं दिसतच नाही, तो भिणार कशाला?"

"खरं हाय," सुभाना म्हणाला. "बापाचा हात तुमचाबी चालला न्हाई, माझाबी नगं."

"मग ऐका सगळे. जो कुणी या पोरीला हात देईल, त्याचा उंबरा या मुलखातून उठला. घर मोडीन, चूल ओढ्यात टाकीन. बाप, भाऊ, बायकापोरं, सगळी सीमेबाहेर. हा माझा शब्द आहे, आणि माझा शब्द मी मागं घेत नाही."

नकुसानं पट्टा उचलला. फुलं खाली पडली. तिनं खोबळ्यात हात घातला आणि धोंडीपाशी उभी राहिली. कुणाकडं पाहिलं नाही, कुणाला बोलावलं नाही. ती नुसती उभी राहिली. नको म्हणून जन्माला आली होती, तिला वाट बघायची सवय होती, असं माझी सासू इथं म्हणायची.

सोनाई कुंभारणीचा लेक दौलू, तोही गडीच. त्यानं आईकडं पाहिलं. सोनाईचं घर होतं, भट्टी होती, धाकटी दोन होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "भट्टी काय, कुठंबी लागती." दौलूनं पाऊल उचललं. त्याच्या मागं आणखी दोघं हलले.

पण ते पोचायच्या आधी दुसरंच कुणीतरी वाकलं होतं. मातीत पडलेलं लिंबू त्यानं उचललं, जरीच्या शेल्याला पुसलं, धोंडीवर हात उताणा ठेवला आणि त्या हातावर लिंबू मांडलं.

तो बाळोजी होता.

"माझा घ्या, वस्ताद," तो म्हणाला.

त्या माळावर तिला वस्ताद म्हणणारा पहिला माणूस तो.

"बाळोजी! मागं हो!"

"हुकमाचा हात चालत नाही, आबासाहेब," बाळोजी मान न वळवता म्हणाला. "पुढंही नाही आणि मागंही नाही."

मग नकुसाला तो हलक्या आवाजात म्हणाला, पण सुभानानं ऐकलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. तो म्हणाला, "आबासाहेबांचा हात मागं गेला, तो ते भ्याले म्हणून नव्हे. मी खांदा उचलला तेव्हाच मी चुकणार होतो. त्यांच्या हाताला ते माझ्याआधी कळलं. खरं पातं येतं तेव्हा हाताला काय कळतं, ते मला बघायचंय."

आता बघा, तिच्यासमोर काय होतं ते. ज्या घरानं तिची तालीम ओढून न्यायला गाडी आणली होती, त्या घराचा एकुलता एक हात तिच्या पट्ट्याखाली होता, उघडा. एक बोट इकडंतिकडं झालं असतं तर कुणी काही म्हणू शकलं नसतं. सर्जेरावांनाही ते दिसलं. आधी गड्यांना जी भीती त्यांनी घातली होती, ती सगळी फिरून त्यांच्याच वाट्याला आली होती.

नकुसानं बाळोजीकडं पाहिलं नाही, सर्जेरावांकडंही नाही. तिनं फक्त तळवा पाहिला. तिच्या स्वतःच्या अंगठ्याच्या बुडाशी जिथं चीर होती, तिथं त्याच्या हाताची शीर उडत होती.

"खांदा ढिला सोड," सुभाना मागून म्हणाला.

तिनं सोडला. पातं एकदाच फिरलं. आवाजसुद्धा झाला नाही, असं सांगतात.

लिंबाची दोन शकलं बाळोजीच्या तळव्यावर दोन बाजूंना कलंडली. आणि बाळोजीनं "स्स" केलं, तोंड वेडंवाकडं केलं.

सर्जेराव धावले. "लागलं? रक्त... दाखव!"

बाळोजीनं हात त्यांच्यासमोर धरला. रक्ताचा थेंब नव्हता. खोबळ्यानं तळव्याला फोड आले होते, ते फुटलेले होते, त्यांत लिंबाचा रस गेला होता. "झोंबतंय, आबासाहेब," तो म्हणाला आणि हसायला लागला. "नुसतं झोंबतंय."

मग सगळा माळ हसला. सोनाईनं तर पदर तोंडाला लावला, पण बोलल्याशिवाय राहवेना. "सरकार, हात तर दिला. आता गढीचा उंबरा उपटायला पहार आणू का घरनं?"

हे ऐकल्यावर सगळ्यांना आठवलं. जो हात देईल त्याचा उंबरा उठला. बाप, भाऊ, सगळी सीमेबाहेर. शब्द सर्जेरावांचा, आणि आपला शब्द आपण मागं घेत नाही असं ते चारचौघांत म्हणालेले.

बाळोजीनं हात पुढंच धरला होता, तळवा आभाळाकडं, त्यावर लिंबाची दोन शकलं. "सांगा, आबासाहेब. कुठं जाऊ?"

सर्जेरावांनी त्या हाताकडं पाहिलं. मग घोड्यावर बसले आणि गेले. ताशे वाजले नाहीत. काहीजण सांगतात की जाताना त्यांनी मान लववली. माझी सासू म्हणायची, काही लववली नाही, घोड्यानं लववली असेल. पण पुन्हा ते या माळावर गाडी घेऊन आले नाहीत, एवढं सगळेच सांगतात.

ते गेल्यावर दौलू पुढं आला. अर्ध्यातच राहिलेलं त्याचं पाऊल त्यानं पुरं केलं आणि बाळोजीसारखाच हात पुढं धरला, उताणा. मग दुसऱ्या गड्यानं धरला, मग तिसऱ्यानं. सगळ्यांनी. नकुसा म्हणाली, "आता रं काय? लिंबं संपली."

"लिंबू नको," दौलू म्हणाला. "हात हाय, एवढं ध्यानात असू द्या, वस्ताद."

सुभानाही चाचपडत आला. ज्या बायकांनी तिचं नाव ठेवलं त्यांतल्या दोघी-तिघी त्या गर्दीत होत्या. त्यांच्यासमोर बापानं लेकीपुढं हात धरला आणि म्हणाला, "वस्ताद." म्हाळसा मागं उभी होती, तिला रडू आवरेना. सव्वीस वर्षांपूर्वी भिंतीकडं केलेलं तोंड तिनं त्या दिवशी वळवलं, असं म्हणायला हरकत नाही.

पटका तिथंच पडला होता. कुणीतरी तो तिच्या डोक्याला बांधायला उचलला. तिनं घेतला, दातानं काठ तोडला आणि टराटरा फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. "खोबळ्यानं मनगट सोलतंय सगळ्यांचं," ती म्हणाली, "गुंडाळा." पहिली पट्टी तिनं बाळोजीच्या फोडांवर बांधली. म्हणून या तालमीत जरी असलीच तर मनगटाला असते, डोक्याला नाही.

आणि तो किताबाचा कागद? भालदार तो गडबडीत धोंडीवरच विसरला. कापलेल्या लिंबातल्या बिया म्हाळसेनं वेचल्या आणि वाळवायला काही सापडेना म्हणून त्याच कागदावर पसरल्या. पट्टेबहाद्दर, शस्त्रशार्दूल, समरकेसरी, सगळ्या नावांवर बिया आठ दिवस वाळल्या. मग इथं लावल्या. शिक्क्याची शाई बियांना लागली होती, तरी उगवल्या.

बाळोजी दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना झाडू घेऊन आला. बारा वर्षं त्यानं माती झाडली. कुणी गढीचा माणूस भेटला आणि "पट्टेबहाद्दर" म्हणाला तर तो इकडंतिकडं बघायचा, कुणाला हाक मारतोय म्हणून. गढीचा कारभार हाती आला तेव्हा त्यानं हा सगळा माळ, ओढ्यापासून त्या बांधापर्यंत, तालमीच्या नावानं सोडला. तो स्वतः कधी वस्ताद झाला नाही. मरेपर्यंत गडी राहिला आणि त्याचा त्याला अभिमान होता.

नकुसानं दौलूशी लग्न केलं. तो तिच्या घरी राहायला आला, भट्टी इथंच ओढ्याकाठी लावली. आता वस्तादाची बायको ती वस्तादीण, पण वस्तादाच्या नवऱ्याला काय म्हणायचं, हे गावाला काही सापडलं नाही. सोनाईनं पुष्कळ शब्द सुचवले, ते इथं सांगण्यासारखे नाहीत. शेवटी दौलूच म्हणायचा, "मी लिंबू धरणारा." दरसाल त्यानंच धरलं, एकतीस वर्षं, आणि म्हातारपणी त्याच्या तळव्यावर केसाएवढीही खूण नव्हती. तो हात तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. दोघांना दोन लेकी आणि एक मुलगा झाला. थोरल्या चारही बहिणींनी आपापल्या पोरी इथं शिकायला धाडल्या. ज्या घराला पुढं वंश नाही म्हणून गाव हळहळत होतं, त्या घराच्या अंगणात पोरींचा एवढा कालवा झाला की सुभानाला म्हणे दुपारची झोप लागेना, आणि तो ती तक्रार सगळ्या गावाला मोठ्या आनंदानं सांगत फिरायचा.

एक सांगायचं राहिलं. तिचं नाव मी तुम्हाला सांगितलं ते गोष्टीपुरतं. धोंडीपाशी गेलात तर ते घेऊ नका. तिथं ती वस्ताद आहे.

आजही खंडेनवमीला इथं वस्ताद ठरतो तो हातानंच. मोठी माणसं बसतात, पण ठरवत नाहीत. त्या साली सगळ्यांत शेवटी जो तालमीत आला असेल, पोरगा असो, पोरगी असो, त्याला या झाडाचं लिंबू देतात आणि विचारतात, कुणासाठी धरशील? तो ज्याच्यापुढं हात धरील तो वस्ताद. आमच्या रंगराव वस्तादांना मागल्या साली सात वर्षांच्या पोरीनं हात दिला. त्याआधी ती थोडी थांबली, त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. तेवढ्या वेळात वस्तादांच्या कपाळाला घाम आला होता, मी पाहिला.

आजही या गावात कुणापुढं डोकं वाकवायला शिकवत नाहीत, हात उघडा धरायला शिकवतात. मोठा कोण, ते तो हात ठरवतो. तर या, पुढं या, बाबांनो. धरा उजवा हात, असा, तळवा वर. भिऊ नका, मी काही ठेवणार नाही त्यात.